शांताबाईच्या न्हाणीतला दगड

मित्रांनो, दगडाला कोणी काही विचारत नाही, म्हणून इतकी वर्षं मी गप्प होतो. मी पांढुर्ण्यातल्या एका घरच्या न्हाणीचा जुना दगड आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरच्या दगडफेकीत ज्यांचा बोलबाला होतो, त्या दगडांतला मला समजू नका. मी बसायचा दगड. माणसानं माझ्यावर टेकावं आणि निवांत आंघोळ करावी, एवढंच माझं काम.

मोतीरामनं मला सावरगावकडच्या काठावरून बैलगाडीत घालून आणलं. तो संत्र्याच्या बागांत मजुरी करायचा. छन्नी-हातोडा घेऊन दोन दिवस त्यानं माझी एक बाजू सपाट केली. मला फार लागलं, खोटं कशाला सांगू? त्याची बायको शांताबाई तोवर कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाआड, उजाडायच्या आत आंघोळ उरकायची. मोतीरामनं चार भिंती उभ्या केल्या, दार बसवलं आणि म्हणाला, "आता कवाबी आंघोळ कर. कडी लावायची अन् बसायचं." त्या दिवशी ती माझ्यावर बराच वेळ नुसतीच बसून राहिली.

पुढं तिनं माझ्यावर बसून, पाय लांब करून, अतुलला न्हाऊ घातलं. त्याच्यामागून करुणाला. मोठा झाल्यावर अतुल माझ्यावर टाचा घासून शाळेत जायचा. लोकांच्या टाचा घासून घासून मी गुळगुळीत झालो. शेजारच्या देवकाबाई म्हणायच्या, असा दगड गावात नाही. मी फुशारून जायचो. मोतीराम गेला, तरी माझी जागा हलली नाही.

आता अतुल सौंसरला कचेरीत बाबू आहे. रोज बसनं जातो-येतो आणि येताना मोबाइलवर बाथरूमचे व्हिडिओ बघतो. पिवळे मंद दिवे, कुंडीतली झाडं, छतातून पडणारं पाणी. दिवसभर थकलेल्या माणसाला घरी शांत वाटलं पाहिजे, असं तो बायकोला, वैशालीला, सांगायचा. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. शांत वाटावं म्हणूनच तर मीही होतो.

एका रविवारी त्यानं आईला टाइल्सचे नमुने दाखवले. तिनं हिरवा रंग निवडला. मग गुडघ्यांवर हात ठेवून हळूच म्हणाली, "तो दगड तेवढा राहू दे बाबू. टोंगळे दुखते, मले खाली बसता येत नाही."

"राहू देऊ न," अतुल म्हणाला. "सगळं तुह्यासाठीच तर करून राहिलो."

मी विश्वास ठेवला. ज्याच्या टाचा मी घासल्या, त्याच्यावर नाही ठेवायचा तर कोणावर?

राजू मिस्त्रीनं पहार घालून मला उपटलं आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. काम होईपर्यंत शांताबाई देवकाबाईंकडे आंघोळीला जायची. जाता-येता माझ्याकडे बघायची. एका दुपारी ती मिस्त्रीला चहा द्यायला मागच्या बाजूनं आली आणि जागीच थांबली. न्हाणीच्या दाराच्या जागी नव्या विटा होत्या.

"राजू, इथचं दार कुठं गेलं?"

"अतुलभाऊनं आतून काढाले सांगितलं, मावशी. त्यायच्या बेडरूममधून. आजकाल अटॅचच चालते."

तिच्या हातातला चहा निवला. संध्याकाळी अतुल आल्यावर तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या खोलीतून येत जा न. कोण अडवते तुले?" माझ्याबद्दल एवढंच, की दगडानं लेव्हल बिघडते.

कोणी अडवलं नाही, हे खरं. पण ती उठते पहाटे पाचला, आणि तेव्हा मुला-सुनेच्या खोलीचं दार आतून बंद असतं. आठ दिवस तिनं कसेबसे काढले. मग देवकाबाईंना घेऊन तिनं मला लोटत अंगणाच्या कोपऱ्यात नेलं, दोन बांबूंना जुनं लुगडं बांधलं आणि बादली घेऊन माझ्यावर येऊन बसली. पहिल्या क्षणी मला आनंद झाला, मित्रांनो. त्याची मला अजून लाज वाटते.

पौषात सासरहून, मोहगावहून, करुणा आली. भाऊ तिला हिरवी भिंत, दिवे, कुंड्या दाखवत होता. "आईसाठीच केलं सगळं," असं म्हणताना त्याचा आवाज अंगणापर्यंत आला. करुणा बाहेर आली. लुगडं बघून तिनं विचारलं, "मंग तू इथं काहून आंघोळ करून राहिली, आई?"

शांताबाई हसली. "मलेच मोकळं आवडते व. आतमधी जीव घाबरते."

करुणाला ते पटलं. दुपारच्या बसनं ती निघून गेली.

तुम्ही घरात कोणाच्या नावानं काही बांधाल, तर दार कुठं हवं हे आधी त्यालाच विचारा. आणि करुणा, तू पुन्हा आलीस तर पहाटे पाचला अंगणात ये. तुझ्या आईचे पाय माझ्यावर थरथरतात. दर दोन तांब्यांनंतर ती थांबते आणि कोणी येतंय का याचा कानोसा घेते. तिला मोकळं आवडत नाही.