पाचवा कप्पा

सीडी प्लेअर घ्यायचा तर दोघांनी मिळून ऐकून घ्यायचा, असं आमचं निवृत्तीच्या दिवशीच ठरलं होतं, आणि त्यात अडचण एवढीच होती की ऐकायचं काम आमच्यापैकी एकालाच येत होतं. बायकोनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाइनी जोडल्या. मी तेवढीच वर्षं कापड गिरणीत मागांचा फिटर होतो, आणि दोनशे माग एकदम चालू असले की माणसाच्या कानांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. गाण्यातले खालचे सूर मला ऐकू येतात, वरचे निसटतात. तिचं बोलणंही मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं असं बायको म्हणते, पण ती काहीही म्हणते.

म्हणून मी आपला कागदावर तयारी करत बसलो. महिनाभर माहितीपत्रकं गोळा केली; एका सीडीचा प्लेअर की पाच सीडींचा चेंजर, रिमोट आहे की नाही, आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडता येतो का, सगळं वहीत मांडलं. अगदी स्वस्तातला नको, कारण तो वर्षभरात मान टाकतो. फार महागातलाही नको, कारण त्यातला फरक कळायला कान लागतात आणि आमच्या घरात धड कान दोनच.

दुकानात जाताना बायकोनं स्वतःची सीडी बरोबर घेतली होती, बासरीची, तिला पाठ असलेली. चष्मेवाला विक्रेता एकेका मशीनवर ती लावत होता आणि धून चालू असताना ही खुशाल पंख्याकडे बघत होती. एक धून संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी जे दोन-तीन सेकंद रिकामे जातात, तेवढ्यापुरते मात्र डोळे मिटून घ्यायची. पहिल्या प्लेअरला म्हणाली, "हा सुस्कारे टाकतोय." दुसऱ्याला म्हणाली, "याच्या पोटात माशी आहे." तिसऱ्याला नुसतं नाक मुरडलं, आणि विक्रेता बिचारा रुमालानं कपाळ पुसायला लागला.

कोपऱ्यात पाच सीडींचा एक चेंजर खोक्याबाहेर ठेवलेला होता. त्याचं काय, असं मी विचारलं.

"तो एका बाईंनी परत केलाय, काका. बिघाड काही नाही, मी स्वतः तपासलाय. त्यांचीही तक्रार नव्हती. एवढंच म्हणाल्या, आता पुढचं ऐकायचं नाही."

त्यानं त्यावरही बासरी लावली. पहिली धून संपली, बायकोनं डोळे मिटले ते उघडेचनात. दुसरी धून अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "अहो, हाच घ्या. याची शांतता भरल्या घरासारखी आहे."

माझ्या वहीत तो मधल्या किमतीत बसत होता, आणि बायकोला एखादी गोष्ट पहिल्याच फेरीत पसंत पडावी असा योग आमच्या लग्नापासून आलेला नव्हता. मी लगेच घेतला, तिचं मत बदलायच्या आत.

आमच्याकडे सीड्या चारच होत्या, दोन तिच्या, दोन माझ्या. रोज चार वाजता चहाचे दोन कप घेऊन समोरासमोर बसायचं, चेंजरचं मिसळून वाजवायचं बटण दाबायचं, मग आत पाच कप्प्यांची तबकडी गिरकी घेऊन कधी तिची आवड पुढे आणायची तर कधी माझी, आणि त्यावरून आम्ही लहान मुलांसारखे भांडायचो. इतकं निवांत सुख मला आयुष्यात कधी लाभलं नव्हतं. ते सुख होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

रिकामा कप्पा मशीन आपोआप वगळतं, असं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तबकडी फिरली, काचेवर पाचचा आकडा आला आणि त्याच्यापुढे सेकंद मोजले जाऊ लागले. पाचवा कप्पा तर रिकामा.

"घ्या! गंडवलं त्या चष्मेवाल्यानं," म्हणत मी उठलो, तर बायकोनं हात वर केला.

"थांबा. लाइनवर कुणीतरी आहे."

चार मिनिटं ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि मी तिचं तोंड बघत राहिलो. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग आकडा बदलला, माझं आवडतं गाणं सुरू झालं, आणि ती कपाला हात घालत म्हणाली, "आपणच होतो. दोन कप खाली ठेवल्याचा आवाज. मी गुणगुणत होते. तुम्ही खोकलात, आणि स्वयंपाकघरातला बल्ब गेला म्हणून कुरकुरलात."

"मी कुठे खोकलो? आणि बल्ब चांगला चालतोय."

"आत्ता नाही हो. तिथे."

बरोबर आठ दिवसांनी बल्ब गेला. मी कुरकुरलो, खोकलो, आणि बायको इतकी हसली की तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

घाबरायला हवं होतं म्हणाल, तर घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तिथेही आम्हीच होतो, तिथेही चहाच होता. खुर्चीचा पाय मोडल्याचं तिनं सांगितलं तेव्हा मी हातासरशी दोन खिळे ठोकून तो पक्का केला, तरी आठव्या दिवशी तो मोडलाच. पण त्याचंही आम्हाला हसूच आलं. मला वाईट वाटायचं ते एवढ्याचंच, की आमच्याच घरातलं, आम्हा दोघांचं बोलणं, आणि मला ते ती सांगेल तेवढंच कळायचं. मिळून ऐकायचं ठरलं होतं ना! एकदा तरी तिच्याबरोबर ते आपल्या कानांनी ऐकावं, या इच्छेनं मला अगदी पछाडलं होतं.

अलीकडे तिचं सांगणं फार त्रोटक झालं होतं. "दोन कप. तुम्ही खोकलात. मजेत आहेत." सलग पाच दिवस हेच, शब्दाला शब्द. दुसरीकडे माझे लाड मात्र वाढले होते. मला स्टुलावर चढू देईना, दाराबाहेर निघालो की स्वेटर घेऊन मागे यायची, आणि एकदा तर भर दुपारी काही कारण नसताना माझा हात हातात घेऊन बसली. "म्हातारचळ लागला की काय तुला?" मी म्हटलं. मनातून खूश होतो, खोटं कशाला सांगू.

सहाव्या दिवशी मला माझा स्क्रूड्रायव्हर आठवला. मागांच्या गोंगाटात बेअरिंग खराब झालेलं कानाला कळत नाही, तेव्हा आम्ही फिटर लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचो आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग आतलं बारीकसं खरखरणंही साफ ऐकू यायचं. हे मला इतके दिवस सुचलं नाही, हद्द झाली. काचेवर पाचचा आकडा आला, बायकोनं डोळे मिटले, आणि मी पावलं न वाजवता तिच्या खुर्चीमागे जाऊन स्पीकरच्या लाकडाला टोक लावलं.

हाडातून आधी तिचं गुणगुणणं आलं, तिचीच लकेर, शेवटी जराशी घसरणारी. मग एक कप बशीत ठेवल्याचा आवाज. मी दुसऱ्याची वाट बघितली. गुणगुणणं थांबलं, आणि ती रोजच्या सवयीनं म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

पुढे बराच वेळ काही नव्हतं. मग ती पुन्हा गुणगुणायला लागली. गुणगुणत होती म्हणजे ठीक होती. त्यानं मला खरंच फार बरं वाटलं.

आकडा बदलला तसा मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून आपल्या खुर्चीत येऊन बसलो. बायकोनं डोळे उघडले. आवाज अगदी एक्स्चेंजमधला, सरळ, कुठेही न कापणारा.

"दोन कप," ती म्हणाली. "तुम्ही खोकलात. मजेत आहेत."

"चला, बरं झालं," मी म्हटलं, आणि तिच्याकडे बघत खोकलो, जरा मोठ्यानंच.