तात्यासाहेबांची क्वार्टर

तात्यासाहेबांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. देवगाव रंगारीजवळच्या त्यांच्या खेड्यात बाटली आडवी करायचं मतदान झालं, तेव्हा घरोघर फिरून बायांना मतदानाला बाहेर काढणारे तेच. गावातल्या दारूच्या दुकानाला कुलूप लागलं ते त्यांच्यामुळंच. अशा माणसानं म्हातारपणी शहरात येऊन दारुड्याचं सोंग घ्यावं, याला काय म्हणावं? पण घेतलं खरं.

त्याचं असं झालं. मुलगा वाळूजला कंपनीत, सूनही नोकरीला. दिवसभर फ्लॅटच्या भिंती बघून तात्या विटले होते. शेजारचा बन्सी एका मेडिकल कॉलेजात कारकून. त्यानं सांगितलं, परीक्षेला खोटे पेशंट लागतात. पोरं त्यांना खऱ्या रोग्यासारखं तपासतात, विचारपूस करतात आणि परीक्षक बाजूला बसून मार्क देतात. तात्यांनी तरुणपणी जत्रेच्या नाटकात कामं केलेली. ते एका पायावर तयार झाले.

शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना भूमिका समजावली. नाव सांडू, पोट फुगलेलं, पाय सुजलेले, कित्येक वर्षं रोज एक क्वार्टर. विचारल्याशिवाय दारूचं सांगायचं नाही आणि विचारलं की लपवायचं नाही, एवढा नियम. रोगाचं मूळ दारूत होतं, त्यामुळं ते हाती लागलं नाही तर पुढचं निदानही चुकणार आणि विद्यार्थी नापास होणार.

परीक्षेच्या दिवशी घंटा वाजली की एक विद्यार्थी आत, पुन्हा वाजली की बाहेर. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तात्यांनी झकास सांगितलं, "पेतो की. सुटतच नाय डॉक्टर." हात थरथरवले, उचकीसुद्धा काढली. उचकी काढायला मॅडमनी सांगितलेलं नव्हतं, पण नटाला कोण आवरणार.

मग पडदा सरकला आणि रेणुका आत आली. ही त्यांच्याच गावच्या रामकिसन मेंढपाळाची लेक. रामकिसनची मेंढरं वर्षानुवर्षं तात्यांच्या रानात खतासाठी बसायची, आणि ही पोर तेव्हा कोकरांमागं पळत असायची. ती इथं शिकते हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या खेपेला याच परीक्षेत गटांगळी खाल्ली होती, हेही रामकिसनकडून कळलेलं. पण ती आपल्याच पुढ्यात येईल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती दारातच थबकली, मग सावरली. "नमस्कार. नाव काय तुमचं?"

"सांडू."

तिनं सूज कधीपासून आहे ते विचारलं, पोट दाबून पाहिलं, पायावर बोट रोवून पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "काही सवयी आहेत का?"

"चहा," तात्या म्हणाले.

वडीलधाऱ्या माणसाला पुढचं विचारणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी तिनं मान वर करून विचारलं, "दारू घेता का?"

सकाळपासून घडाघडा बोलणारे तात्या इथं अडले. रामकिसनच्या पोरीपुढं हे कसं बोलायचं? आणि उद्या गावात गेलं तर?

"नाय," ते म्हणाले.

परीक्षकांनी चमकून वर पाहिलं. रेणुका "बरं" म्हणाली आणि वेगळ्याच वाटेला लागली. कधी रक्त चढवलं होतं का, कावीळ झाली होती का, घरात कुणाला असा आजार होता का. पोरीचं काही चुकलं नव्हतं, तिनं विचारायचं ते विचारलं होतं. आपल्या अब्रूपायी ती दुसऱ्यांदा बुडणार होती. रामकिसननं रानोमाळ हिंडून तिला इथवर आणलं, आणि आपल्या तोंडून एक शब्द निघत नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"थांब बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "मघाशी खोटं बोललो. पेतो मी. रोज."

या वेळी उचकी नव्हती की थरथर नव्हती. आवाज तेवढा चिरकला.

रेणुका खुर्ची जवळ ओढून बसली. किती घेता, कधीपासून, घरी माहीत आहे का, सगळं तिनं हळू आवाजात विचारून घेतलं. घंटा वाजताना म्हणाली, "सांगितलं ते लई बरं केलं."

ती पास झाली. तात्यांनी मात्र गावाकडं जायचं टाळलं. शेवटी रामकिसननं पेढे घ्यायला बोलावलं, तेव्हा जाणं भागच पडलं. गावात कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. रामकिसननं नेहमीसारखंच हसून पेढा हातावर ठेवला. मग रेणुकानं त्यांना अंगणात बाजूला नेलं.

"तात्या, मी घरात कुणालाच बोलले नाय."

"अगं, ते सोंग होतं. मला तसंच शिकवलेलं."

"व्हय," ती इतक्या समजुतीनं म्हणाली की तात्यांनी हात टेकले. "बाकीच्यांपुढं तुम्ही लई रंगवून सांगितलं म्हणे. माझ्यापुढं तसं नव्हतं. आता मी तिथंच इंटर्न हाय. बुधवारी या, लिव्हर तपासून घेऊ."

आपण पीत नाही अशी शपथ घ्यावी, तर दारुडे उठल्यासुटल्या शपथाच घेतात, हे गावात फिरताना तात्यांनी भरपूर पाहिलेलं. तो बेत त्यांनी सोडला. बुधवारी मात्र तणतणतच दवाखाना गाठला आणि बाही वर करून रक्त दिलं. आता दूध का दूध, पानी का पानी होऊ दे, म्हणाले.

रिपोर्ट आला. सगळं ठणठणीत. रेणुकानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तिचे डोळे भरून आले.

"बघा तात्या, सोडली की किती फरक पडतो."

तात्यांनी बाटलीविरुद्ध एवढी भांडणं केली, पण आपल्यासाठी असं कुणी आजवर रडलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "सोडली."