आधी चार्ज, मग चिमटा

वहिनी आणि तिचा दीर एकमेकांशी बोलत नाहीत, असं बाजारात कुणी म्हणालं असतं तर ते साफ खोटं ठरलं असतं. बोलत होते की! सकाळी शटर वर जाण्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत बोलत होते, आणि एकेक शब्द असा की समोरच्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान एक, खोल्या दोन. पुढं काउंटर, नव्या बॅटऱ्यांची मांडणी, पंखा आणि दीर. मागं चार्जर, ॲसिडचा वास, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि वहिनी. मधलं दार दोघंही आपटूनच लावायचे. त्याच्या बिजागऱ्या वर्षभरात दोनदा बदलून झाल्या होत्या.

"मागं फार उकडतं का हो वहिनी?" दीर पंख्याखाली बसून विचारायचा.

"उकडतं ना भाऊजी. काम करणाऱ्याला उकडतंच," ती आतून सांगायची, आणि धाडकन दार.

शेवटी सासरे कंटाळले. दुकान त्यांच्या नावावर होतं. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं, "ही रोजची कटकट मला नको. दुकानात एकच माणूस राहील. कोण, ते मी सोमवारी येऊन सांगतो." दिराचा बेत तर तयारच होता. मागची खोली पाडायची, काचेचं शोरूम करायचं, चार्जिंग-बिर्जिंग सगळं बंद. वहिनीला शोरूम नको होतं आणि पंखाही नको होता. तिला तिची मागची खोली हवी होती. बारा वर्षं काढली होती तिनं तिथं. तिचा एक कपडा असा नव्हता की ज्याला ॲसिडची भोकं पडलेली नाहीत.

नवरा होता तेव्हा तो पुढं बसायचा. त्यानंच तिला हे काम शिकवलं. त्याच्याकडं एक जुना लोड टेस्टर होता. दोन टोकदार पाय, मधे तारेचं वेटोळं, वर काटा असलेली तबकडी. घरात त्याला चिमटा म्हणायचे. चिमट्याचे पाय बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर दाबून धरायचे, वेटोळं लालबुंद तापतं, आणि काटा हिरव्यात टिकला तर बॅटरीत जीव आहे, लाल पट्ट्यात घसरला तर ती गेली. "पण एक लक्षात ठेव," नवरा म्हणायचा, "आधी चार्ज, मग चिमटा. उपाशी बॅटरीला चिमटा लावलास तर ती चांगली असली तरी पडणार." नियम अगदी बरोबर होता. कुठलाही बॅटरीवाला हेच सांगेल.

आणि वहिनीच्या हाताला गुण होता. पहिली आठ वर्षं पुढून आलेल्या मेलेल्या बॅटऱ्यांतली दहात एखादी उठायची. मग एकदम हात बसला. पाणी भरायचं, दोन दिवस मंद करंटवर ठेवायचं, हायड्रोमीटरनं ॲसिड बघायचं, आणि दहातल्या आठ उठून बसायच्या! नवरा चार लोकांत सांगायचा, आमची ही मेलेली बॅटरी उठवते. बाजार तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. उठलेल्या बॅटऱ्या नवरा जुन्या म्हणून विकायचा, आणि वहिनी प्रत्येकीवर खडूनं एक बरोबरची खूण करायची. सव्वा वर्षापूर्वी नवरा गेला, तेव्हा रडून झाल्यावर तिच्याजवळ उरली ती ही खूण.

काउंटरवर दीर आला. त्याच्या हातात नवऱ्याच्याच वेळचं डिजिटल टेस्टर असायचं. तळहाताएवढं मशीन, दोन क्लिपा, छोटा पडदा, आणि फर्रकन बाहेर येणारी चिठ्ठी. चिठ्ठीवर 'बदला' असं आलं की गिऱ्हाईक मुकाट्यानं नवी बॅटरी घ्यायचं आणि जुनी मागं वहिनीकडं यायची.

त्या बुधवारी दुपारी वीज गेली. चार्जर बंद. पुढून नुकतीच आलेली एक 'मेलेली' बॅटरी समोर पडली होती. वहिनीनं हाताला चाळा म्हणून चिमटा उचलला आणि बिनचार्जचीच तिला लावला. वेटोळं तापलं. काटा हिरव्यात, जागचा हलायला तयार नाही.

"अगं बाई!" वहिनी म्हणाली.

तिनं दुसरी घेतली. हिरवा. तिसरी. हिरवा. उपाशीपोटी तिघीही ठणठणीत! वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्यापाठोपाठ असा संताप आला की हातातला चिमटा तिनं बाकावर आपटला. लबाड! चांगल्या बॅटऱ्या मारतोय हा! मग ती दाराच्या फटीला डोळा लावून बसली, मशीनचा पडदा तिथून हातभरच लांब होता, आणि अर्ध्या तासात सगळं कळलं. प्रत्येक बॅटरीवर एक आकडा छापलेला असतो, इंजिन सुरू करताना ती किती जोर देते त्याचा. तो आकडा मशीनला आधी सांगावा लागतो, म्हणजे ते त्या हिशेबानं तपासतं. समोरच्या बॅटरीवर छापलं होतं तीनशे तीस. दिरानं मशीनमध्ये आकडा ठेवला सहाशे. सहाशेची अपेक्षा धरून तीनशे तीसवालीला तपासलं तर ती नापास नाही होणार तर काय होणार?

वहिनी तेव्हाच दार उघडून त्याची गचांडी धरणार होती. पण सोमवारला मधे चार दिवस होते. तिनं दातओठ खाल्ले आणि गप्प बसली. चार दिवस गप्प बसणं म्हणजे तिच्यासाठी जन्माची शिक्षा होती. दिरालाही चुकल्यासारखं वाटलं असावं. "तब्येत बरी आहे ना?" त्यानं दोनदा विचारलं.

सोमवारी दहा वाजता सासरे आले आणि काउंटरपाशी खुर्चीवर बसले. त्यांना लांबचं दिसायचं, जवळचं बारीक अक्षर दिसायचं नाही. साडेदहाला मास्तर आले. त्यांना वहिनीनंच बोलावलं होतं. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे, आणि शिकणारे दर चौकात गाडी बंद पाडायचे, म्हणून बॅटरी लवकर मरते असं त्यांना दिरानं पटवून दिलं होतं. चार वर्षांत ही तिसरी.

"तपासा भाऊजी," वहिनी म्हणाली. दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं.

दिरानं क्लिपा लावल्या. फर्रकन चिठ्ठी. 'बदला'.

"बदलावी लागणार, मास्तर," दीर म्हणाला.

"थांबा." वहिनीनं फळीवरची एक कोरी बॅटरी दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवली. मास्तरांच्या बॅटरीसारखीच, त्याच आकड्याची, काल आलेली. "आता ही तपासा. आकडा बदलायचा नाही हं. जसा आहे तसा."

"नवी बॅटरी कशाला तपासायची?"

"तपास म्हणते ना!" ती भाऊजीवरून एकदम अरे-तुरेवर आली. दीर हलला नाही. तिनंच क्लिपा ओढून लावल्या आणि बटण दाबलं. फर्रकन चिठ्ठी आली. 'बदला'.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. मग नव्या बॅटरीकडं पाहिलं. मग दिराकडं. "ही तर अजून गाडीत बसलीसुद्धा नाही," ते म्हणाले.

"बघा बाबा!" वहिनीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुमचा हा धाकटा! सहाशेचा आकडा ठेवतो आणि चांगल्या बॅटऱ्या मारतो. यांनी कमावलेलं नाव याच्या हातात दिलं, आणि यानं मातीत घातलं! हे असते तर याला पायरी चढू दिली नसती!"

सासऱ्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. दीर खाली बघत नव्हता. तो वहिनीकडंच बघत होता, खाऊ की गिळू.

"मग माझ्या आधीच्या दोन?" मास्तर म्हणाले. "त्यासुद्धा चांगल्याच होत्या की काय? चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात, पण अक्षरं पार उडून गेलीत हो. या मशीनमध्ये जुनं काही राहतं का?"

"राहतं! सगळं राहतं, तारखेसकट, गाडीच्या नंबरासकट," वहिनी म्हणाली आणि मशीन हातात घेतलं.

"फार जुनं काढू नका, वहिनी," दीर म्हणाला.

"का? घाम फुटला?"

"मी कबूल करतो ना. ठेवला मी आकडा. जातो मी दुकानातून. ठेवा ते मशीन."

इतक्या सहज तो जातो म्हणाला, तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण चार दिवस गिळलेला राग होता तो, तो असा ऐकणार थोडाच! ती बटण दाबत गेली. सहाशे, बदला. सहाशे, बदला. सहाशे, बदला. मास्तरांची दुसरी बॅटरी सापडली, तिच्यापुढंही सहाशे. "बघा!" ती म्हणाली आणि दाबत राहिली. तारखा मागं सरकत गेल्या. दीर दुकानात आला तो महिना आला आणि मागं पडला. सहाशे, बदला. नवरा अंथरुणाला खिळला तो महिना. सहाशे. नवरा धडधाकट होता, रोज सकाळी शिट्टी वाजवत शटर उघडायचा, तो सगळा काळ, मास्तरांची पहिली बॅटरीही त्यातच. सहाशे, बदला. सहाशे, बदला.

वहिनीचं बोट थांबलं. मग पुन्हा चाललं, हळूहळू.

अगदी सुरुवातीला, मशीन आणलं त्या आठवड्यात, आकडे खरे होते. तीनशे तीस, चांगली. चारशे, चांगली. पुन्हा चांगली. मग एका तारखेपासून सहाशे सुरू झाले ते आजपर्यंत. तारीख तिनं दोनदा वाचली. वाचायची गरज नव्हती. तो महिना तिला चांगला ठाऊक होता. त्याच महिन्यात तिचा हात बसला होता.

"दादानंच शिकवलं मला," दीर हळू आवाजात म्हणाला. हळू होता म्हणून गोड होता असं नाही. "आकडा खाली आणू नकोस, आणि वहिनीला मागंच राहू दे, म्हणाला. वर्षभर तुमचं ऐकून घेतोय मी. हे असते तर, हे असते तर! सांगा ना आता बाबांना. सांगा, हे काय करायचे ते!"

"काय दिसलं, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांचा थोरला मुलगा बाजारात कुणाला फसवत नव्हता, हे एवढं एकच सुख त्यांच्याजवळ होतं, आणि ते ते रोज कुणाला ना कुणाला सांगायचे. वहिनीला ते माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की नुसतं 'काही नाही' म्हटलं तरी दुकान आपलंच आहे. दीर तर जातोच म्हणाला होता.

मास्तर वाट बघत उभे होते, हातात दोन कोऱ्या पडलेल्या चिठ्ठ्या घेऊन.

"मास्तर, तुमची एकही बॅटरी खराब नव्हती," वहिनी म्हणाली. "आजची नाही, दुसरी नाही, पहिलीही नाही. दुसरी यानं मारली. पहिली माझ्या नवऱ्यानं मारली. आणि मी त्या मागं नेऊन उठवल्या म्हणून खुणा केल्या."

सासरे काठी टेकत उठले आणि खिशातली किल्ली काढून काउंटरवर ठेवली, वहिनीच्या बाजूला.

"दुकान तू चालव," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाशी तू खोटं बोलणार नाहीस, ते कळलं मला. पण मला खोटं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं? माझ्याशी पुन्हा बोलू नकोस, सूनबाई. घरी ताट वाढलंस तरी बोलू नकोस." आणि ते धाकट्याच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले. दिरानं जाताना मागं वळून पाहिलं. जिंकलेला माणूस बघतो तसं.

मास्तरांच्या बॅटरीला वहिनीनं आकडा तीनशे तीसवर आणून पुन्हा क्लिपा लावल्या. 'चांगली'. मास्तर बॅटरी घेऊन गेले, जाताना आभार मानले नाहीत, आणि कशाला मानावेत?

मग ती मागच्या खोलीत गेली. फळ्यांवर उठवलेल्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर तिची खडूची खूण. तिनं फडकं ओलं केलं आणि एकेक खूण पुसायला घेतली. निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात पुढून हाक आली.

"डॉक्टरीणबाई आहेत का?" एक टेम्पोवाला जड बॅटरी पोटाशी धरून उभा होता. "सगळे म्हणतात ही मेली. म्हटलं, तुमच्या हातून उठेल."

वहिनीनं आकडा बघून मशीन लावलं. मग चिमटाही लावला, चार्ज न करताच. काटा सरळ लाल पट्ट्यात जाऊन पडला.

"दोन दिवस ठेवून जा," ती म्हणाली. "दहातली एक उठते."

"पण लोक तर म्हणतात तुमच्या हाताला..."

"हाताला काही नाही माझ्या," वहिनी म्हणाली, आणि चार्जरच्या क्लिपा लावायला मागं गेली. दार तिनं या वेळी हळूच लावलं. आपटायला पलीकडं कुणी नव्हतं.