बोटभर फट

काजलनं गिअरबॉक्सला खांद्यानं रेटा दिला, आणि तो बोटभर अंतर ठेवून थांबला.

साखळीच्या कप्पीला टांगलेलं ते धूड तिनं मागच्या टोकाला धरून जरासं डावीकडे फिरवलं, जरासं उजवीकडे. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून आत शिरला होता. त्याच्यावरच्या खाचा जुळल्या तेव्हाची घसर तिच्या तळव्यांना कळली होती. बोल्टची भोकं समोरासमोर आली होती. एवढं सगळं होऊनही इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली फट काही मिटत नव्हती.

"बसला का वं बाई?" शेडच्या दारातून देवरावनं विचारलं.

"बसते, काका. थांबा जरा."

"आठ दिवसापासून थांबूनच राहिलो ना बाप्पा."

देवराव पारशिवनीचा. त्याचा जुना ट्रक चौदा वर्षं नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात धान आणून टाकत होता. या उन्हाळ्यात इंजिनानं मान टाकली. बदली इंजिन मिळालं ते त्याच कंपनीच्या, पण पुढच्या मॉडेलच्या ट्रकचं. गॅरेजांच्या सगळ्या गल्लीनं एकसुरात सांगितलं, की इंजिन घेतो आहेस तर गिअरबॉक्सही त्याचाच घे, जोडी फोडू नको. एकट्या काजलनं विचारलं, की धडधाकट गिअरबॉक्स भंगारात काहून टाकायचा? जुना गिअरबॉक्स आणि नवं इंजिन मी जुळवून देते, असं ती म्हणाली, आणि शब्द देऊन बसली. मग आठ दिवस ती मापं घेत होती. क्लच प्लेट तिनं अशी शोधली, की बाहेरून ती नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला बसावी आणि आतून जुन्या शाफ्टच्या खाचांना. शाफ्टचं टोक इंजिनात ज्या पितळी बुशमध्ये, म्हणजे पोकळ कड्यात, टेकतं, तो बुशही तिनं लेथवर नवा करून आणला; नव्या इंजिनाच्या मूळ बुशचं भोक जुन्या शाफ्टला दीड मिलिमीटरनं अपुरं पडत होतं.

देवरावला ट्रकची घाई होती. काजलची गोष्ट वेगळी होती. तिचा बाप शालिकराम यानं चहाच्या टपरीवर चार लोकांत जाहीर करून टाकलं होतं, की हा ट्रक आपल्या चाकांवर शेडबाहेर पडला तर गॅरेज काजलचं, नाही तर दुर्गेशला चालवायला देऊन टाकायचं. बारा वर्षं बापाच्या खांद्याला खांदा लावून काम केलेल्या पोरीची ही परीक्षा. असा राग आला होता तिला, की दोन दिवस तिनं बापाला चहासुद्धा दिला नाही. पण परीक्षा नाकारली असती तर गल्ली म्हणाली असती, भ्यायली. मग तिनं पाना उचलला.

समोरच्या मोठ्या गॅरेजचा मालक दुर्गेश निकालाबद्दल इतका निश्चिंत होता, की आज तो मोजपट्टी घेऊनच आला होता. दारात उभा राहून खर्रा चघळत त्यानं शेडची रुंदी मोजली, मग बाहेरूनच लांबी मोजली, आणि आता सावकाश आत आला.

"काजल, दोन लंबे बोल्ट लाव," तो म्हणाला. "समोरासमोर. थोडा हा आवळ, थोडा तो आवळ. बोटभरच तर राहिला. येते तो आपोआप."

"हातानं गेला तर जाईन, दुर्गेशभाऊ. बोल्टनं ओढायचा नाही."

"हे कोनं शिकवलं तुले?"

"बाबांनी."

दुर्गेशनं भिंतीकडे पाहिलं आणि तो हसला.

भिंतीवर खिळ्याला एक ॲल्युमिनियमचा तुकडा तारेनं टांगला होता. गिअरबॉक्सच्या हौजिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, बोल्टसाठी जे कान असतात, त्यातला हा फुटलेला एक कान. अठरा वर्षांपूर्वी दुर्गेश इथंच शिकाऊ होता. गोष्ट अशी सांगत, की न बसणारा गिअरबॉक्स त्यानं बोल्ट आवळून ओढला, कान तुटला, आणि ट्रकवाल्यासमोर 'मी आवळला' असं त्यानं स्वतःच कबूल केलं. शालिकरामनं त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. तेव्हापासून शेडमध्ये जो कुणी नवा कामाला येई, त्याला शालिकराम तो तुकडा दाखवून म्हणे, "हा दुर्गेशचा कान. असा तोडायचा नाही." काजल हे ऐकतच लहानाची मोठी झाली होती. दुर्गेशही रस्त्यापलीकडून ऐकतच असणार.

"आवळून टाक ना वं," देवराव चुळबुळत म्हणाला. "उद्या माल भरायचा हाय मले."

एव्हाना दारात पाच-सहा जण जमले होते. दुसऱ्याचं काम अडलेलं बघायला या गल्लीत कधी माणसं कमी पडली नाहीत. दुर्गेशनं ट्रेमधून एक लांब बोल्ट उचलला आणि काजलच्या हातावर ठेवला.

काजलनं तो पँटच्या खिशात घातला.

"काका, तुम्हाले घाई असन तर ट्रक दोरानं ओढून भाऊच्या गॅरेजमधी न्या," ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिनं तो खाली आणला नाही. "पन माझ्या शेडमधी गिअरबॉक्स बोल्टनं ओढल्या जानार नाही. कान तुटला तर कोनाचा तुटन? तुमचाच ना?"

'माझ्या शेडमधी' हे सगळ्यांनी ऐकलं. उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसलेल्या शालिकरामनं मान तेवढी वर केली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन तो तीन वर्षं दिवाळीनंतरवर ढकलत होता. समोरचं त्याला दिसायचं ते पातळ कापडातून दिसावं तसं. पण कबूल करील तर तो शालिकराम कसला.

काजलनं साखळी ओढून गिअरबॉक्स मागं घेतला. दारातून कुणीतरी "गेलं" म्हणालं. तिनं लक्ष दिलं नाही.

क्लच प्लेट मधोमध आहे का, हे तिनं पुन्हा पाहिलं. होती. शाफ्टच्या टोकावर कुठं ठेच नव्हती. लांबी तिनं काल दोनदा मोजली होती. आठ दिवसांत हातातून गेलेली एकूण एक वस्तू तिनं मनातल्या मनात पुन्हा हातात घेतली, आणि एका ठिकाणी ती अडली. बुश.

काल लेथवाल्याकडून बुश आणून तिनं ट्रेमध्ये ठेवला, इंजिनातून काढलेल्या मूळ बुशच्या शेजारी, आणि इंजिन बदलाच्या परवानगीचे कागद द्यायला ती गेली. परतली तोवर शालिकरामनं बुश ठोकून बसवलेला होता. "एवढं तं करू दे मले," तो म्हणाला होता. तिनं मान डोलावली आणि वरून क्लच बसवला. बोट घालून पाहिलं नाही.

पाहायची रीतच नव्हती. शालिकरामचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला, की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या शेवटाला जोडायचा. शेकडो धागे, एकाला एक. हे काम त्याची आई करी. तिनं सांधलेले धागे घरात दुसऱ्या कुणी पुन्हा मोजायचे नाहीत. मोजले तर तिच्या बोटांचा अपमान. माग केव्हाच उठला, शालिकराम नागपुरात येऊन मिस्त्री झाला, पण हा नियम त्याच्याबरोबर आला. बापानं बसवलेल्या वस्तूला पोरीनं हात लावून बघायचं नाही. काजलनं या घरातले बरेच नियम मोडले होते. हा नव्हता मोडला.

तिनं टॉर्च घेतला आणि क्लच प्लेटच्या भोकातून आत उजेड टाकला. लेथवरून आलेला बुश नव्या पितळेचा, लखलखीत होता. आत बसला होता तो काळपट, इंजिनाचा मूळचा.

ती ट्रेकडे गेली. चिंधीखाली तिचा नवा बुश जसाच्या तसा पडून होता.

दुर्गेशही तिच्यामागून वाकून बघत होता. मिस्त्रीच तो, त्याला सांगावं लागलं नाही.

"जुनाच बुश ठोकला!" तो दारातल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बोल्ट आवळला असता तं कान गेला असता, शाफ्टही गेला असता. कोनं बसवला वं हा?"

काजलनं बापाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं.

"मी," ती म्हणाली.

"तू?"

"मीच बसवला. ट्रेमधे दोन होते, चुकला. काढते आन् दुसरा बसवते. तुम्हाले काही तरास हाय का त्याचा?"

दुर्गेश खोक्यावरच्या शालिकरामकडे वळला.

"उस्ताद, तुमचं नशीब चांगलं हाय," तो हळूच म्हणाला. "'मी' म्हननारं मानूस तुम्हाले हर टाईम भेटते."

काजलला आधी कळलंच नाही. मग तिची नजर खिळ्यावर गेली, तिथून दुर्गेशवर आणि तिथून बापावर. शालिकरामनं हातातली चिलीम खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला, आणि चाचपत ट्रकपाशी आला.

"बुश मी बसवला," तो म्हणाला. "मले दिसला नाही. बोटानं पाह्यला तं एकच वाटला."

"बाबा—"

"थांब तू." तो दाराकडे तोंड करून बोलत होता, पण दुर्गेश त्याच्या डाव्या हाताला उभा होता. "आन् तो कानही मीच तोडला होता. बोल्ट आवळाले मीच लागलो होतो. हा पोरगा नाही म्हनत होता."

देवराव तोंडातला खर्रा थुंकायचं निमित्त करून बाहेर गेला. त्याच्यामागून दारातली गर्दीही पांगली. दुर्गेश हलला नाही. अठरा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून झाल्यावर माणसानं काय करायचं, हे त्याला ठाऊक नसावं. शेवटी त्यानं खिळ्यावरचा तुकडा काढला, तार उलगडून टाकली, आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"क्लच उतरवाले हात लावू का?" त्यानं काजलला विचारलं.

"नोको," काजल म्हणाली. तिला राग आला होता. दुर्गेशचा थोडा, बापाचा पुष्कळ, आणि कानाची गोष्ट इतकी वर्षं भाबडेपणानं ऐकणाऱ्या स्वतःचाही. "माझी परीक्षा हाय. भाऊ, तुम्ही पाहा फक्त."

तिनं क्लच उतरवला, जुना बुश ओढून काढला. नवा बुश तिनं बापाच्या तळहातावर ठेवला.

"बसवा."

शालिकरामला वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती हातोडी पुढं करून उभी होती. त्यानं बुश चाचपला, भोकावर टेकवला, लाकडाचा ठोकळा धरून हलके हलके ठोकला. हात अजून पक्का होता. ठोकून झाल्यावर त्यानं हातोडी खाली ठेवली, आणि सवयीनं म्हणाला, "झालं."

काजलनं त्याच्या देखत आत बोट घातलं. कडेकडेनं फिरवलं. मग शाफ्टच्या टोकाचं माप घेतलं आणि बुशच्या भोकाला लावून पाहिलं.

शालिकराम बाजूला होऊन उभा होता. "पाह्यलं?" त्यानं विचारलं.

"पाह्यलं."

"आनखी एकडाव पाह्य."

तिनं पुन्हा पाहिलं.

दुपार कलताना गिअरबॉक्स खांद्याच्या एका रेट्यानं आत गेला. फट मिटली तेव्हा ठक् असा एवढासा आवाज आला. खिशातला लांब बोल्ट तिनं काढून दुर्गेशच्या हातात दिला, आणि नेहमीचे आखूड बोल्ट बोटांनीच फिरवून लावायला घेतले. दुर्गेश मोजपट्टी घेऊन रस्ता ओलांडून गेला. दिवेलागणीच्या आत देवरावचा ट्रक धूर सोडत, आपल्या चाकांवर शेडबाहेर पडला.

काजल हात धुऊन आली, तेव्हा शालिकराम भिंतीपाशी उभा होता. जमिनीवर पडलेली तार शोधून त्यानं ती काळपट बुशमध्ये ओवली होती, आणि चाचपून चाचपून खिळा शोधत होता. काजलनं त्याचं मनगट धरून खिळ्यापर्यंत नेलं.

"नवीन मानूस आला का दाखवत जाय," तो म्हणाला. "सांगजो, हा शालिकरामचा."