काम वाढव

“अवो, थांबा ना आता! सारं सांडून राहिलं!” शेवंता ओरडली, पण तिचा नवरा कवडू थांबेल तर शपथ. तो आपला चिंचोका उचलायचा, भरलेल्या वाटीत टाकायचा, आणि चिंचोके पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या शाळेतल्या फरशीवर टणाटण उड्या मारायचे.

“मले कायले बोलतं? आज मी मशीन हावो. कागदावर ‘थांब’ कुठं लिवलं हाये?”

सत्यशीलाचा जीव टांगणीला लागला होता. गणकयंत्राला हुकूम मराठीत का देऊ नयेत, हा तिच्या संशोधनाचा विषय. यंत्र तिच्या वर्गातल्या कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून रविवारी नव्या भट्टीच्या कामावरचे लोक नि त्यांच्या बायका जमायच्या. एकाने हुकूम लिहायचे, दुसऱ्याने यंत्र होऊन ते जसेच्या तसे पाळायचे. आणि नेमके आजच तिचे मार्गदर्शक भाऊराव सर नागपूरहून येऊन मागच्या बाकावर बसले होते.

“सत्यशीलाबाई,” सर उठलेच, “वाटी भरली की थांबायचं, एवढंसुद्धा यांना लिहिता येत नाही. हे खूळ सोडा. विषय बदला.”

 इतकी खटपट, घरच्यांशी भांडणं, सगळं मातीत! सत्यशीलाने शेवंताचा कागद उचलला. चिंचोका टाक. वाटी भरली नाही तर पुन्हा टाक. भरली तर काम वाढव. आता ‘वाढव’ म्हणजे आणखी एक घाल, हे सत्यशीलानेच ठरवलेलं. आणि थांबायचा हुकूम नसला की कागद पुन्हा पहिल्यापासून पाळायचा, म्हणून कवडू बिचारा इमानाने घालत होता.

“वहिनी, शेवटी ‘वाढव’ कावून लिहिलं?”

“मंग का लिहू?” शेवंता रडकुंडीला आली. “दुर्ग गावात माह्या बापाचं दुकान होतं. संध्याकाळी ‘बंद कर’ म्हनलं का पाठीत धपाटा! बंद म्हनू नाही, अशुभ असते. दुकान वाढव म्हनाव!”

सत्यशीला कपाळावर हात मारून हसत सुटली. अगं बाई! बाईची चूक नव्हतीच. जन्मभर ‘वाढव’ म्हणजे आवर, मिटव, असं ऐकलेल्या माणसाला तिने त्याच शब्दाने बेरीज शिकवली होती.

तिने फळ्यावर बेरजेसाठी ‘मिळव’ लिहिलं. “कवडूभाऊ, ‘वाढव’ म्हणजे आता थांबायचं. करा पुन्हा.”

शेवंताचा कागद तोच. वाटी काठोकाठ भरली आणि कवडूने हात आवरला.

“पाहा,” शेवंता म्हणाली, “जल्मात पहिल्यांदा ऐकलं यायनं माह्यं!”

सारा वर्ग हसला. सर हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

“विषय हाच ठेवा,” शेवटी ते म्हणाले. “माणसं कुठे अडतात, तेवढं नीट मांडा.”

हुश्श! शेवंताला उचलून गरागरा फिरवावं, असं सत्यशीलाला वाटलं. सरांना रिक्षापर्यंत पोचवायला ती जवळजवळ धावतच निघाली.

रिक्षात बसल्यावर सर एकदम घरच्या बोलीत आले. “माहा बाप गेला तवा मी लहान होतो, पोरी. बाया म्हने, आईच्या बांगड्या वाढवा. मी नाचून राहिलो होतो. वाटलं, आईले आनखी बांगड्या भेटते.”

“मग, सर?”

“मंग तिचे हात पाह्यले.”