लायनीबाहेरचा शिरस

"हा एकच शिरस लायनीच्या बाहेर काहून लावला गा, बाबाराव?" मुकादम नानाजीने विचारले.

"चुकला असंन."

"बाकी रोपवनात तुह्या हातून एक खड्डा चुकला नाही, अन् हाच कसा चुकला?" नानाजी हसला. "उद्या सगळेच पाडू. कुसुमाच्या रोपाले आता ऊन पाह्यजे."

नागपूरहून काटोलला जाताना लागणाऱ्या त्या मुरमाड माळावर एके काळी कुसुमाचे जंगल होते. तोडीत ते संपले, एकच झाड उरले. त्याच्या बियांची रोपे लावली, तर तीही मेली, कारण मातीत कस नव्हता. मग आधी शिरस लावले. शिरसाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या हवेतला नत्र धरून ठेवतात. पाला गळतो, कुजतो, माती सुधारते. त्या आडोशाला कुसुम जगला. पण तो वाढला की शिरस तोडावा लागतो, नाहीतर सांभाळणाराच त्याला सावलीत मारतो. बाबाराव हे मजुरांना समजावून सांगत असे.

रोपवन होण्याआधी त्याच माळावर बाबाराव आणि गोपिकाने आपली तान्ही पोर पुरली होती. दात यायच्या आधीच गेली ती. खुणेचे दगड खड्डे खणताना उचलले गेले असते, म्हणून बाबारावने त्या जागी शिरस लावला होता.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे त्याने झाडांपुढे तांदूळ ठेवले. "उद्या कुऱ्हाड येईन. जो कोणी राहत असंन, त्यानं दुसरं घर पाहावं."

झाडांवर पाने नव्हती, नुसत्या वाळक्या शेंगा. वारा नव्हता. लायनीतले शिरस गप्प होते. बाहेरचा तेवढा वाजत होता. बारीक, थांबून थांबून.

त्याच्याखाली गोपिका बसली होती.

"आयकू येते ना?"

"वाळल्या शेंगा वाजतातच वं."

"मंग बाकीच्या काहून नाही वाजत?"

बाबारावने लायनीतल्या झाडांकडे पाहिले.

"तुमी झाडाले विचारलं. तिले विचारा."

"तिले बोलता कुठं येत होतं?"

"खुळखुळा तं समजे. थांबवला का रडे."

बाबारावने खोडावर हात ठेवला. "माय, हे घर सोडतं काय?"

शेंगा थांबल्या. गोपिकाने पदर तोंडात धरला.

सकाळी तो शिरस त्याने दुसऱ्या कोणाला तोडू दिला नाही. "हा तं मधातच येते, मुळासकट काढून टाक," नानाजी म्हणाला.

"मुळं राहू दे. कुजली का कुसुमालेच भेटतात."

होळीच्या सुमाराला तो गोपिकाला घेऊन तिथे गेला. कुसुमाच्या रांगा अजून उघड्याच होत्या. फक्त त्या बुंध्याशेजारच्या कुसुमाला पालवी फुटली होती. लालभडक, तान्ह्या मुठींसारखी मिटलेली.

गोपिकाने पडलेली एक शेंग उचलली आणि पालवीजवळ धरून वाजवू लागली. ऊन उतरले. माळावर तेवढाच आवाज होता.

"चाल वं आता. अंधारून राहिलं."

"थांबवू कशी?" ती म्हणाली. तिचा हात भरून आला होता.

बाबाराव खाली बसला. आवाज तुटू न देता त्याने तिच्या हातातून शेंग घेतली आणि वाजवू लागला.