पाचशे फेऱ्या

मी एक इंजिन बोलतोय. खरं नव्हे, वीतभर लांबीचं, पितळी पत्र्याचं, टेबलावर धावणारं. खेळणं म्हणा हवं तर. पण एका माणसाची सव्वीस वर्षं मी खाल्ली आहेत, तेव्हा नुसतं खेळणं म्हणून मला सोडून देऊ नका.

मला घडवलं एका चष्मेवाल्यांनी. बाजारातल्या गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. काचा घासून घासून त्यांची बोटं अशी तयार झाली होती की केसाएवढा फरकही त्यांना नुसत्या स्पर्शाने कळे. सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. मीही तेच म्हणतो. त्यांच्या मुलीला सातवं वर्ष लागणार होतं आणि तिने आगगाडी मागितली होती. दुकानातली गाडी काही भिंगवाल्यांच्या पसंतीस उतरेना. "चाकं बघ, नुसती थापलेली आहेत," असं बायकोला सांगून त्यांनी पत्रा आणला, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली आणि महिनाभर खपून मला आणि माझ्या तीन डब्यांना उभं केलं.

वाढदिवसाला मी जमिनीवर पहिली फेरी मारली. मुलीने टाळ्या पिटल्या आणि ती माझ्यामागे रांगत सुटली. आठ दिवस मी तिचा होतो. तिने माझ्या डब्यांतून शेंगदाणे नेले, बटणं नेली, एकदा तर एक जिवंत मुंगळा नेला. इतकी चांगली नोकरी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

नवव्या दिवशी एका वळणावर मी घसरलो. भिंगवाले गुडघ्यांवर बसले, रूळ डोळ्यांशी धरून पाहिला आणि म्हणाले, "हात लावू नकोस हं बाळा, वाकतो तो. मी नीट करून देतो."

ते नीट करणं संपलंच नाही. एक वळण सरळ झालं की दुसरं खुपायला लागे. रूळ जमिनीवरून टेबलावर गेले, टेबलावरून मुलीच्या खोलीत. मी बोगद्यातून जाऊ लागलो. काड्यापेटीच्या काड्यांची बाकं असलेलं स्टेशन आलं, सिग्नल आला, लोखंडी पूल आला. पुलाखाली त्यांनी रिकामे पत्र्याचे डबे बसवले, खऱ्या पुलासारखा धडधडाट यावा म्हणून. मुलीचा पलंग बाहेरच्या खोलीत हलला. "तात्पुरता," असं ते म्हणाले होते. तो तिथेच राहिला, ती शिकायला परगावी जाईपर्यंत.

आधी ते सहाला दुकान बंद करून घरी येत. मग पाचला, मग चारला. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी यांचं लक्ष घड्याळाकडे. घरी आले की चपला एका बाजूला, पिशवी दुसऱ्या बाजूला आणि हे माझ्यापाशी.

ते सुखी होते का? होते. खोटं कशाला बोलू? त्यांचा चेहरा मी वीतभर अंतरावरून पाहिलाय. मी बोगद्यातून बाहेर आलो की त्यांचे डोळे असे चमकत, जणू मी आत कायमचा हरवलो होतो. कुणी माझ्याकडे असं बघावं याची मला चटक लागली. ते उशिरा आले की मला करमत नसे. त्या घरात आणखी दोन माणसं त्यांची वाट बघत असतात, हे माझ्या मनातही येत नसे.

मुलगी बारा वर्षांची असताना एकदा दारात येऊन म्हणाली, "बाबा, शनिवारी माझी पोहण्याची शर्यत आहे. याल ना?"

"येणार तर!" ते सिग्नलच्या तारेला कथलाचा डाग देत होते. मान वर झाली नाही.

शनिवारी सिग्नल अडकला. संध्याकाळी मुलगी ओल्या केसांनी दारात उभी राहिली. "तिसरी आले."

"शाब्बास! हे बघ, पडायला लागला एकदाचा."

तिने सिग्नलकडे पाहिलं. "छान आहे," म्हणाली. पुढे कुठल्याही शर्यतीची तारीख तिने आमच्या खोलीत येऊन सांगितली नाही.

पुढे आमचं नाव झालं. लोक बघायला येऊ लागले. एक वार्ताहर बाई आल्या, त्यांनी विचारलं, "एकाच छंदाला इतकं वाहून घेतलंत. समाधानी आहात?"

"या खोलीत आलो ना," भिंगवाले हसून म्हणाले, "की मला बाकी काही म्हणजे काही आठवत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचा ट्रे घेऊन बाई, म्हणजे भिंगवाल्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्यांनी कप मोजले, एक कमी होता, तो आणायला त्या परत गेल्या.

आता ती दुपार सांगतो. सांगायला जड जातंय.

रविवार होता. भिंगवाल्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की आज न घसरता पाचशे फेऱ्या. दार लोटलेलं. ते मोठ्याने आकडे मोजत होते आणि मी धावत होतो. तीनशे बाराव्या फेरीला, मी पुलाच्या अलीकडे असताना, स्वयंपाकघरात काहीतरी कोसळलं. मग हाक आली, "अहो!"

मी पुलावर चढलो. डबे धडधडले. पूल संपला तेव्हा पुन्हा, "अहो, या ना इकडे!"

"तीनशे तेरा," भिंगवाले म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी आजवर शेकडो वेळा घसरलो होतो; दोऱ्यावरून, केसावरून, धुळीच्या कणावरून. त्या दिवशी फक्त एकदा घसरायचं होतं. मी वळणावर चाक जरा सैल सोडलं असतं तरी पुरलं असतं. पण पाचशे मलाही हव्या होत्या. मी इतका सफाईने कधीच धावलो नव्हतो.

साडेतीनशेच्या सुमारास हाका थांबल्या.

पाचशे झाल्या. "अगं, ऐकलंस का? पाचशे!" असं ओरडतच ते बाहेर धावले.

वरच्या फळीवरचा डबा काढताना बाई स्टुलावरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाऊण तास त्या फरशीवर पडून होत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "झाल्या का पाचशे?"

त्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. आईचे कपडे न्यायला हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हा भिंगवाले तिच्यामागे उभे होते.

"मला ऐकूच आलं नाही गं."

"माहीत आहे, बाबा."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग भिंगवाल्यांनी मला रुळावरून उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "हे तुझंच आहे. तुझ्यासाठीच केलं होतं."

"मला तेव्हा हवं होतं," ती म्हणाली. "आता आईचा चष्मा कुठे असतो ते सांगा."

जगाला चष्मे देणाऱ्या त्या माणसाला ते सांगता आलं नाही.

बाईंना घेऊन मुलगी तिच्या गावी गेली, तीन महिन्यांसाठी. भिंगवाल्यांना जे जन्मभर हवं होतं ते मिळालं. रिकामं घर, कुणाची हाक नाही, जेवायला चला म्हणून तगादा नाही. पहिले दोन दिवस त्यांनी मला चालवलं. तिसऱ्या दिवशी मधेच बटण बंद केलं आणि कान देऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा चालवलं, पुन्हा बंद केलं. दाराबाहेर भांड्यांचा आवाज नव्हता, पावलं नव्हती. मला तेव्हा कळलं की आमचं सुख आमचं एकट्यांचं कधीच नव्हतं. बाहेर कुणीतरी घर चालतं ठेवत होतं, म्हणून आत आम्हाला सगळं विसरता येत होतं.

दर रविवारी ते मुलीकडे जाऊ लागले. मधल्या दिवसांत त्यांनी एकेक करून पूल काढला, बोगदा काढला, स्टेशन काढलं. खोलीत ऊन येतं आणि न्हाणीघर जवळ आहे, म्हणून बाईंचा पलंग तिथे लागला. मी एका खोक्यात गेलो. माझी तक्रार नव्हती.

बाई आल्या, काठी घेऊन चालू लागल्या. भिंगवाले मात्र दिवसभर त्यांच्या मागे. "पाणी देऊ? उशी देऊ? बसतेस का?" शेवटी एका सकाळी बाईच वैतागल्या.

"अहो, ते तुमचं इंजिन काढा बरं बाहेर. तुम्ही असे डोक्यावर बसलात तर मी वेडी होईन."

"नको, नको."

"काढा म्हणते ना. मीही बघते, एवढं काय होतं त्यात."

आता एका फळीवर छोटासा गोल आहे, पूल नाही. रोज तासभर मी धावतो. बाई पलंगावरून बघतात, अर्ध्या वेळात पेंगतात. एकदा म्हणाल्या, "छान पळतं हो. आधीच का नाही दाखवलंत?" भिंगवाले रुळावरची नसलेली धूळ पुसू लागले.

त्या कुशीवर वळल्या, नुसत्या खोकल्या, तरी ते बटण बंद करतात आणि विचारतात, "काही म्हणालीस?" मी जिथे असेन तिथे, वळणाच्या ऐन मध्यावर, उभा राहतो.

वाचकहो, तुम्ही मला क्षमा कराल म्हणून हे सांगितलं नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी लाडकं असेल तर त्याचा लाड करा, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बघा ना, इतकं सगळं होऊनही, वेगात असताना मला थांबवलं की क्षणभर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि मी सगळ्यात जास्त ओशाळतो तो त्या क्षणाला.